नाणेघाटाच्या तोंडाशी

नाणेघाट पाहायला तासभर पुरतो. जुन्नरहून गाडी घाटघरच्या पुढे न्यायची, रांजणापाशी उभं राहायचं, खिंडीतून थोडं उतरून गुहेत डोकवायचं, फोटो काढायचे, की झालं. आपण आज तसं करणार नाही. तुम्ही जिथे असाल तिथेच, घरात, कचेरीत, लोकलच्या खिडकीशी, जरा सावरून बसा आणि मनानं त्या खिंडीच्या तोंडाशी या. एकेक गोष्ट समोर येऊ द्या. तिच्यापाशी हवा तेवढा वेळ थांबा आणि मगच पुढची ओळ वाचा.

पश्चिमेकडे तोंड करून बसा. पायांपुढे जमीन एकदम संपते. खाली मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे, भातखाचरं, पावसाळ्यात हिरव्या आणि उन्हाळ्यात करड्या दिसणाऱ्या टेकड्या. त्यांच्या पलीकडे कल्याण, सोपारा, वसईची खाडी. समुद्र इथून दिसत नाही, पण तो त्याच दिशेला आहे हे मनात असू द्या. उजव्या हाताला नानाचा अंगठा म्हणतात तो सुळका. डाव्या हाताला जीवधन किल्ला आणि त्याच्या कुशीतला वानरलिंगी सुळका. पाठीशी घाटघरचं पठार, आणि त्या पठारावरून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर जुन्नर. पाठ देशाकडे, तोंड कोकणाकडे. आजच्या नकाशात पुणे आणि ठाणे या दोन जिल्ह्यांची हद्द इथे भेटते. ती हद्द सध्या विसरा.

सगळ्यात आधी दगड. समोरच्या कड्यावर आडवे पट्टे दिसतात: काळा उभा कातळ, मग गवताची अरुंद पट्टी, पुन्हा कातळ, पुन्हा गवत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. मग त्याच्यावर दुसरा लोट आला, तिसरा आला. असे थरावर थर बसून दख्खनचं पठार उभं राहिलं. घट्ट दगडाचा थर भिंतीसारखा ताठ राहतो. भुसभुशीत थर झिजून आत सरकतो, तिथे माती साचते आणि गवत धरतं. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेसारखी लाल माती दिसते. एक लोट थंड होऊन दुसरा येईपर्यंत त्या खडकावर माती तयार झाली होती आणि पुढच्या लोटानं ती भाजून काढली. त्या लाल पट्टीवर नजर ठेवा. माती व्हायला लागलेला तो निवांत काळ, जेव्हा इथे बघायला माणूस नव्हता, मनाला क्षणभर झेपतो का पाहा. नाही झेपला तरी चालेल. पुढे जे जे बघायचं आहे, किल्ले, लेणी, पायऱ्या, टाकी, ते सगळं या थरांच्या मर्जीनं झालेलं आहे. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी यांचे ताशीव कडे घट्ट थरांनी दिले. लेणी कोरणाऱ्यानंही भेगा नसलेला, छत पेलणारा थर शोधला आणि मग छिन्नी लावली. आणि ही खिंड जिथे आहे तिथे कडा आधीच खचलेला होता, पाण्यानं घळ पाडलेली होती. माणसानं डोंगराची ती ढिली जागा ओळखली आणि तीत पायऱ्या खोदल्या.

आता पाणी. आषाढातला एक ढग या माथ्यावर रिता होतो आहे असं समजा. त्यातला एक थेंब तुमच्या पायांपुढे पडला. तो कड्यावरून खाली जाईल, ओढ्यातून काळू नदीच्या खोऱ्यात उतरेल, काळू उल्हासला मिळेल, आणि उल्हासबरोबर तो खाडीतून अरबी समुद्रात जाईल. त्याचाच जोडीदार थेंब तुमच्या पाठीमागे, चार पावलांवर पडला. तो कुकडीच्या वाटेला लागेल. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र एवढं सगळं चालून तो बंगालच्या उपसागरात पोचेल. वाटेत निघोजजवळ कुकडीनं कातळात कोरलेले रांजणखळगे आहेत. गोटे गरगर फिरवत पाण्यानं केलेलं ते काम पाहिलं नसेल तर जरूर पाहावं.

दोन थेंब. चार पावलांचं अंतर. दोन समुद्र.

इथे थोडा वेळ थांबा. कुठल्याही जुन्या गावाचा विचार करताना मी आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे बघतो. राजे, लढाया, सनावळ्या नंतर. जुन्नर कुकडीच्या काठी आहे, म्हणजे त्याच्या दारातलं पाणी पूर्वेला जातं. आणि तरीही जुन्नरचं दैव दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून आलं. नदी एका दिशेला, नशीब दुसऱ्या दिशेला. ही गोष्ट मनात धरून ठेवा, पुढे लागेल.

पावसाळ्यात या कड्यावरून पडू पाहणारं पाणी खालून येणारा वारा उचलून परत माथ्यावर फेकतो. हल्ली 'उलटा धबधबा' म्हणून तो बघायला झुंबड उडते. गर्दी बाजूला ठेवून त्या वाऱ्याचा विचार करा. समुद्रावरून आलेला तोच वारा कड्याला धडकून वर चढतो, थंड होतो, घाटमाथ्यावर कोसळतो, आणि पुढे पूर्वेकडे जाताना कोरडा होत जातो. घाटघरला भात होतो. जुन्नरच्या पुढे बाजरी लागते. आणखी पूर्वेला शिरूरकडे गेलात तर पावसाची वाट बघणारा मुलूख. एका दिवसाच्या चालीत पीक बदलतं, भाकरी बदलते, घराचं छप्पर बदलतं. खाली मीठ आहे, सुकी मासळी आहे, नारळ आहे. वर ज्वारी-बाजरी आहे, डाळी आहेत, कापूस आहे. वरच्याला मीठ हवंच. मिठावाचून माणसाचंही चालत नाही आणि गुराचंही. म्हणजे सातवाहनांच्या आधी, यवन व्यापाऱ्यांच्या आधी, कुणीतरी मिठाची गोण पाठीवर घेऊन ही घळ चढलेलं असणार. त्या माणसाचं नाव कुठेच कोरलेलं नाही. त्याच्यासाठी एक श्वास थांबा.

आता उठा आणि वाटेवर या. घडीव दगडांची फरसबंदी, काही ठिकाणी कातळातच खोदलेल्या पायऱ्या. एका पायरीवर बसून तिच्यावर तळहात ठेवा. मधला भाग गुळगुळीत आहे आणि थोडा खाली गेलेला आहे, कडेला अजून धार आहे. ही खोलगट जागा एका दिवसाची नाही. माल लादलेले बैल, गाढवं, हाकणारे, भिक्खू, सैनिक, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया. बैल चढताना नाकातून सोडतो तो श्वास ऐका. कासरा घामानं ओला झालेला. वर पोचल्यावर त्याला पहिल्यांदा काय लागेल? पाणी.

आणि पाणी आहे. खिंडीच्या आसपास कातळात खोदलेली टाकी आहेत, उन्हाळ्यातही त्यांतल्या काहींत गारेगार पाणी असतं. जुन्या लेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटलेलं आहे. इथल्या एका पोढीवरचा लेख सांगतो की ती सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान आहे. दुसऱ्या एका पोढीवर कामवनाच्या दामघोषाचं नाव आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, तिथे त्या काळी मोठं बंदर होतं. बंदरातल्या एका माणसानं डोंगराच्या माथ्यावर, आपल्या घरापासून कित्येक मुक्काम दूर, पाण्याचं टाकं खोदवून दिलं. त्यानं ते का दिलं असेल? पुण्यासाठी, हो. पण मला वाटतं, तो स्वतः कधीतरी हा घाट चढला होता आणि वर आल्यावर त्याला तहान लागली होती. ज्या जागेनं आपल्याला तहान दाखवली तिथे पाणी ठेवून जायचं, हे दान अगदी साधं आणि पुरतं आहे. गोविंददासाचं नाव मनात एकदा उच्चारा. राजांची नावं पुष्कळ वेळा उच्चारली जातात.

माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण. एकाच दगडातून घडवलेला, पोट मोठं, काठ जाड. या वाटेनं जाणारा व्यापारी जकातीची नाणी यात टाकायचा, अशी परंपरा सांगते. पाण्यासाठी असेल असंही म्हणणारे आहेत. रांजणाचा नेमका उपयोग काहीही असो, लोकांच्या आठवणीनं एक गोष्ट बरोबर धरून ठेवली आहे असं माझं मत आहे: ही खिंड म्हणजे पैसा होता. जो ही वाट राखेल त्याच्या हाती किनाऱ्यावरचा आणि पठारावरचा दोन्हीकडचा व्यवहार. म्हणून तर जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी असे चार किल्ले या एका वाटेवर नजर ठेवून बसलेले आहेत.

आता गुहेत या. हीच आपली मुख्य बैठक, इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

आत साधी चौकोनी खोली, भिंतींना लागून दगडी बाक. वाटसरूंनी दुपारी टेकावं अशीच जागा. समोरच्या भिंतीवर एकेकाळी आठ मूर्ती उठावात कोरलेल्या होत्या. आज त्या नाहीत. खाली पावलांच्या खुणा उरल्या आहेत आणि वर काही नावं: राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. एक राजघराणं वाटेवरच्या खोलीत सहकुटुंब उभं होतं. महालात नव्हे, देवळात नव्हे, जिथून बैल आणि बाजारची माणसं जातात तिथे. ज्याला ज्याला या देशात वर यायचं आहे त्यानं आधी आम्हाला पाहावं, असा त्यात हेतू असणार. मूर्ती गेल्या आणि पावलं राहिली याचं दुःख होतं. ते होऊ द्या. पावलांच्या त्या खुणांकडे बघत, वरचं शरीर मनानं उभं करू नका. जे आहे तेवढंच बघा.

मग डावीकडची भिंत, आणि उजवीकडची. दोन्हींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, लांबच लांब ओळी. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातला हा लेख नागनिका राणीचा म्हणून ओळखला जातो. सुरुवातीला वंदन आहे: धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, चंद्र-सूर्यांना, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार दिक्पालांना. मग राणीचं वर्णन येतं. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. पती गेलेला, मुलगा वेदिसिरि लहान, राज्याची जबाबदारी अंगावर. आणि मग यज्ञांची यादी: अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, आणखी कितीतरी. प्रत्येकाची दक्षिणा नोंदवलेली. गायी, हत्ती, घोडे, गावं, कार्षापण.

एका यज्ञाची दक्षिणा १,७०० गायी आणि १० हत्ती आहे. हा आकडा जवळून बघा. आपण आज १७०० लिहितो तसा तो लिहिलेला नाही, कारण तेव्हा शून्याची ही सोय लिपीत नव्हती. आधी हजाराचं चिन्ह, आणि पुढे सातशेचं चिन्ह. ते सातशेही कसं, तर शंभराच्या चिन्हाला सातचं चिन्ह जोडलेलं. दहाला वेगळं चिन्ह, विसाला वेगळं. भारतात कोरून ठेवलेल्या अंकांचा एवढा जुना आणि एवढा भरगच्च साठा फार थोड्या जागी आहे. कर्नल साइक्सनं १८२८ च्या सुमारास या लेखाकडे विद्वानांचं लक्ष वेधलं. पुढे १८७० च्या दशकात भगवानलाल इंद्रजींनी इथल्या अंकांचा उलगडा केला. भाऊ दाजी लाड यांच्याकडे काम करत घडलेला हा जुनागढचा माणूस डोंगरदऱ्यांत फिरून लेखांचे ठसे घेत असे. त्यांच्यासारख्यांमुळे आपल्याला ही भिंत वाचता येते.

मला या भिंतीसमोर नेहमी एका गोष्टीचं नवल वाटतं. एवढे यज्ञ, एवढी दानं, आणि ती सांगायला जागा निवडली ती ही. खरी श्रोतेमंडळी कोण होती? बहुतेकांना वाचताही येत नसणार. तरी कुणीतरी वाचणारा मोठ्यानं वाचत असेल, आणि दमलेला बैलवाला बाकावर पाय पसरून ऐकत असेल की या देशात एक राणी आहे, तिनं एवढ्या गायी दिल्या. ती बातमी तो खाली कल्याणला नेत असेल, तिथून ती गलबतावर चढत असेल. एका विधवा राणीनं, मुलाच्या वतीनं, आपलं घराणं कोण आहे हे सगळ्या रहदारीला सांगण्याची व्यवस्था केली. या व्यवस्थेत जी बुद्धी आहे तिच्यासमोर थोडा वेळ शांत बसा.

अक्षरं बघा. काही स्वच्छ, काही झिजलेली, काही ठिकाणी दगडाचा पापुद्राच गेलेला. वाचताना अभ्यासकांना मधे मधे रिकामी जागा सोडावी लागते. तुम्हीही ती रिकामी जागा तशीच राहू द्या.

आता गुहेतून बाहेर या आणि पाठ फिरवा. पूर्वेकडे चालू लागा. कुकडीच्या कडेनं, चावंडखालून, आज माणिकडोह धरणाचं पाणी पसरलं आहे त्या खोऱ्यातून, जुन्नरपर्यंत. सायंकाळी तुम्ही तिथे पोचता आणि चहूबाजूंच्या डोंगरांत काळी दारं दिसू लागतात. ही लेणी. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, खुद्द शिवनेरीच्या कड्यात. जुन्नरच्या भोवती दोनशेहून जास्त कोरीव खोदकामं आहेत, एका गावाभोवती एवढी लेणी महाराष्ट्रात दुसरीकडे नाहीत.

ती कुणी कोरवली? लेण्याद्रीला गणपतीचं दर्शन घ्यायला आपण पायऱ्या चढतो. गिरिजात्मज बसला आहे ती जागा मुळात भिक्खूंचा विहार आहे. त्याच्या शेजारचं चैत्यगृह कुणाचं दान? कल्याणचा, हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं. पुन्हा कल्याण. पुन्हा घाटाखालचा माणूस. एका लेण्याचं आणि टाक्याचं दान धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचं आहे. बांबूचं काम करणारे, काशाची भांडी करणारे यांच्याही श्रेणी लेखांत येतात, त्यांच्याकडे दानाच्या ठेवी ठेवल्या जात. यवन आहेत: इरिल, चिट, चंद. एकानं टाकी दिली, एकानं भोजनमंडप. एक शक उपासक आहे, आडुथुम नावाचा, त्यानं जमिनीचं उत्पन्न करंज आणि वडाची झाडं लावण्यासाठी लावून दिलं. मानमोडीला क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचं दान आहे. हाच नहपान पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीकडून हरला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राज्य कुणाचं यावरून नाण्यावरचा ठसा बदलला. नाणं चालत राहिलं. घाटही चालत राहिला.

ही सगळी नावं एकत्र मनात आणा: सोपाऱ्याचा गोविंददास, कल्याणचा सुलसदत्त, यवन इरिल, शक आडुथुम, महारठी त्रनकयिर, धान्याचे व्यापारी, काशाचे कारागीर. यांतले किती 'मूळचे' जुन्नरचे? विचारण्यात अर्थ नाही. जुन्नर या सगळ्यांच्या येण्याजाण्यानं झालं. नदी पूर्वेला वाहते म्हणून पाणी होतं, शेती होती, वस्तीला पाया होता. पण वस्तीचं नगर झालं ते पश्चिमेच्या त्या घळीमुळे. मघाशी मनात धरून ठेवायला सांगितलं होतं ते हेच. जुनं गाव समजून घ्यायचं तर त्याच्या वेशीच्या आत बघून भागत नाही. त्याची वाट दुसऱ्या टोकापर्यंत चालावी लागते. जुन्नरचं दुसरं टोक सोपाऱ्याला आणि कल्याणला आहे, आणि त्याच्याही पुढे तांबड्या समुद्रापलीकडे आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात सोपारा, कल्याण, पैठण, तगर ही आपली नावं येतात. कल्याण बंदरावर राजकारणामुळे बंधनं आली होती आणि तिथे शिरणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही त्यात आहे. म्हणजे एका राजानं बंदराचं तोंड बंद केलं की डोंगरावरच्या गावाच्या घशाला कोरड पडत असणार.

पुढची शतकं भरभर जाऊ द्या. सन १४७० च्या आसपास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात इथेच अडकला. चार महिने पाणी आणि चिखल, पण याच दिवसांत इथले लोक नांगरतात आणि पेरतात, हे त्याला विशेष वाटलं. विकायला आणलेला त्याचा घोडा इथल्या सुभेदारानं काढून घेतला होता, तो मोठ्या मिनतवारीनं परत मिळाला. १४९० मध्ये मलिक अहमदनं निजामशाही उभी केली ती जुन्नरच्या बळावर. मग राजधानी अहमदनगरला गेली. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पुढे तो किल्ला मुघलांकडे गेला, आणि महाराजांनी प्रयत्न करूनही हयातीत त्यांना तो परत घेता आला नाही. शिवनेरीवर जाल तेव्हा शिवाईचं देऊळ आणि जन्मस्थान तर पाहालच, वाटेत कड्यात कोरलेल्या खोल्या आणि टाकीही बघा. जिजाऊंच्या काळी त्या खोल्या दीड हजार वर्षं जुन्या होत्या.

मग वाट हलली. बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी वर चढली. दोन वर्षांनी थळघाटातून दुसरी. माल, माणसं, पैसा त्या दोन वाटांनी वाहू लागला. कल्याण जंक्शन झालं. कल्याणहून नगरला जाणारा रस्ता माळशेज घाटातून गेला. नाणेघाटावर कुणी हल्ला केला नाही, दरड कोसळून तो बुजलाही नाही. फक्त बैल यायचे थांबले. मोठी मोठी शहरं अशीच मागे पडतात, आणि त्याची तारीख कुठल्या बखरीत नोंदलेली नसते.

जुन्नर संपलं मात्र नाही. त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, दूरच्या आकाशातले क्षीण रेडिओ तरंग टिपणाऱ्या. ही जागा निवडण्यातही भूगोल आहे. शहरांच्या रेडिओ-गोंगाटापासून दूर, आणि डोंगरांनी आडोसा दिलेला. ज्या डोंगरानं एकेकाळी जगाला आत घेतलं, तोच आता जगाचा गोंगाट बाहेर ठेवतो आहे.

आता स्वतःच्या मुलखाकडे या. शेवटची बैठक ही. तुमचं गाव कुठलंही असो, वाई, तेर, अचलपूर, चिपळूण, पैठण, किंवा नकाशात बारीक अक्षरातही नसलेलं एखादं. डोळे मिटून त्याच्या सर्वांत उंच जागी उभे राहा. तिथे पडलेला थेंब कुठल्या समुद्राला जातो? मीठ कुठून यायचं? कुठल्या वाटेवर पाण्याची सोय कुणी केली होती, त्याचं नाव उरलं आहे का? मोठा रस्ता गावाजवळ आला की लांबून गेला, आणि त्यानं काय बदललं? उत्तर आलं नाही तर प्रश्न तसाच घेऊन बसा. आपल्या प्रदेशावर प्रेम आहे असं आपण म्हणतो, त्या प्रेमाला एवढी माहिती तरी सोबतीला असावी.

दोन विनंत्या. नाणेघाटात गेलात तर गुहेच्या भिंतीला हात लावू नका, अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पाणी फिरवू नका, आणि कुणी नाव कोरताना दिसलं तर गप्प बसू नका. आणि गावी गेलात तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी बसा. एसटी सुरू होण्याआधी बाजाराला कुठल्या वाटेनं जायचात, मुक्काम कुठे पडायचा, पाणी कुठे प्यायचात, हे विचारा. वाटेचं नाव, टाक्याचं नाव, झाडाचं नाव, सगळं वहीत लिहून ठेवा. हे सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत, तेव्हा याच सुट्टीत विचारा.